वीस बटणं

धाकटी यंदा दिवाळीला बेंगळुरूहून बेळगावला आली ती फोन कानाला लावूनच. रेल्वेच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासायचं तिचं काम. तपासायचं म्हणजे नुसतं चालवून बघायचं नव्हे, ते चुकणार नाही हे गणितानं सिद्ध करायचं. साहेबांचं म्हणणं, सगळे भाग वेगवेगळे तपासून झालेत, आता सही कर. ही करायला तयार नाही.

मी चकल्या तळत होते. म्हटलं, "एवढे सांगतायत तर टाक की करून! नोकरी घालवतीस काय?"

ती स्वयंपाकघरातल्या बटणांकडं बघत राहिली. "आई, एका बटणाच्या तऱ्हा किती?"

"दोन. चालू, नाहीतर बंद."

"दोन बटणांच्या?"

मी बोटं मोजून चार म्हटलं. दहा बटणांच्या १,०२४. विसांच्या १०,४८,५७६. तीस झाली की शंभर कोटींच्या वर! आणि हिच्याकडं असली बटणं हजारोंनी. एकेक तऱ्हा बघायची तर कॉम्प्युटरचाही जन्म पुरायचा नाही.

मग करता काय? तर लग्नाआधी आपण याद्या करतो ना, तसं. प्रत्येक भागाची यादी: मला अमुक मिळालं तर मी तमुक देईन. भागांच्या पोटात न शिरता याद्या एकमेकींशी जुळतात का, ते बघायचं. पण याद्यांत न लिहिलेलंच पुढं नडतं, हे मला कुणी शिकवायला नको.

तिनं एरियान ५ रॉकेटची गोष्ट सांगितली. ४ जून १९९६ ला ते फ्रेंच गयानातून उडालं. त्याची दिशा सांभाळणारं सॉफ्टवेअर आधीच्या एरियान ४ मधून आणलेलं. जुन्या घरी त्याची काही तक्रार नव्हती. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त. त्याच्याशी संबंधित एक आकडा ३२,७६७ च्या पुढं गेला आणि दिलेल्या जागेत मावेना. सुमारे चाळीस सेकंदांत सगळ्याचा चुराडा. आत माणूस नव्हता, तेवढं बरं. "इतका मोठा आकडा येणारच नाही" हे जुन्या घरी खरं होतं. नव्या घरी ते कुणी विचारलंच नाही.

"आणि तुझ्या ब्रेकचं काय ग?"

"ब्रेकचा भाग धरून चाललाय की वेगाचा आकडा ताजाच येणार. आकडा पाठवणाऱ्यानं तसं कुठंच कबूल केलेलं नाही. त्या गाडीत माणसं बसणार, आई."

एक घाणा करपला. मी काही बोलले नाही.

सही तिनं अजून केलेली नाही. बढती मात्र दुसऱ्याला गेली. तिच्या मावशीनं विचारलं, तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. रात्री फोन लावते आणि विचारते, "जेवलीस का? आणि त्या ताज्या आकड्याचं काय झालं?"