तेरा जणांची गोम

मंडळी, वीकेंडला आमच्यासारखा प्रोग्रामर माणूस काय करतो? झोपतो. शनिवारी झोपतो, आणि शनिवारी झोप पुरी झाली नाही म्हणून रविवारीही झोपतो. असा मी एका रविवारी पहाटे चार वाजता उठून, अंगावर तपकिरी चादर गुंडाळून, बारा माणसांना दोरीने बांधून घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर पळायला गेलो होतो, यावर माझ्या रूममेटचा अजूनही विश्वास नाही.

ही गोष्ट १५ मे २०११ ची. 'बे टू ब्रेकर्स' नावाची ही शर्यत बारा किलोमीटरची. खाडीच्या काठावरून निघायचं आणि अख्खं शहर ओलांडून पलीकडच्या समुद्रापर्यंत जायचं. पहिले काही जण खरंच पळतात, त्यांना आपण सोडून देऊ. उरलेली हजारो मंडळी सोंगं घेऊन येतात. केळं, नवरी, पोप, डायनासोर, काय वाट्टेल ते. सुरुवातीच्या रेषेवर लोक एकमेकांच्या डोक्यावर मक्याच्या पोळ्या भिरकावतात. (आईला हे सांगितलं नाही. अन्नाचा अपमान!) काही जण सालमन माशाचा वेष करून समुद्राकडून खाडीकडे, म्हणजे बरोब्बर उलटे पळतात, कारण अंडी घालायला तो मासा प्रवाहाच्या उलटा जातो. आणि तेरा जण एकमेकांना बांधून पळाले की त्याची गोम होते. गोमींची वेगळी स्पर्धाच असते.

आमच्या टीमने गोम व्हायचं ठरवलं त्याला कारण होतं. त्याच वर्षी ११ मार्चला जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी झाली. आमच्या टीममधला एक जण मूळचा सेंदाईचा. त्याचे आईवडील वाचले, मामाचं घर वाहून गेलं. मग कोणीतरी टूम काढली की आपण पळू, ओळखीच्यांकडून किलोमीटरमागे पैसे घेऊ आणि तिकडे पाठवू. मीही मान डोलावली. रिलीज तोंडावर होतं, वाद कोण घालणार?

पहाटे पार्किंगमध्ये एक सहकारी तपकिरी रंगाची डबी आणि ब्रश घेऊन सगळ्यांची तोंडं रंगवत होती. माझी पाळी आल्यावर मी म्हणालो, "मला ऍलर्जी आहे." साफ खोटं. मला फक्त शेंगदाण्याची चटणी संपली की त्रास होतो, बाकी कसलीच ऍलर्जी नाही.

तर आता खरं कारण.

मी किल्लारीजवळच्या एका खेड्यातला. ३० सप्टेंबर १९९३ ला मी नऊ वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं. मिरवणुकीत आम्हा पोरांची सोंगं होती, मी वानर. तोंडाला काळं पॉलिश, मागे सुतळीची शेपटी. दमून मी मंडपातच सतरंजीवर झोपलो. पहाटे चारला चार मिनिटं असताना जमीन हलली. आमच्याकडची घरं दगडमातीच्या जाड भिंतींची, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारगार. पण ते माळवद खाली आलं की माणूस उरत नाही. त्या पट्ट्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमचे आजोबा त्यातले. आई, बाबा आणि आजीला बाहेर काढलं. उजाडल्यावर आजी मला शोधत माझ्या समोरून दोनदा गेली म्हणे, तिने मला ओळखलंच नाही. मग पदराने माझं तोंड पुसत बसली. पाणी नव्हतं, थुंकी लावून पुसत होती. त्यानंतर मी कधी तोंडाला रंग लावलेला नाही. होळीलाही नाही.

असो. पळायला लागलो. तेरा जणांनी एका पावलावर पळणं म्हणजे तेरा मॉड्यूल्सचं इंटिग्रेशन. एक अडखळला की अख्खी गोम कोसळते. हेज स्ट्रीटचा चढ आला तेव्हा गोमीची गोगलगाय झाली. सेंदाईवाला माझ्या बरोब्बर पुढे होता. धापा टाकत त्याने विचारलं, "ऍलर्जी खरंच आहे का?" का कोण जाणे, त्या चढावर मी त्याला सगळं सांगून टाकलं. तो काही शहाणपणाचं बोलेल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "घरी हीच भांडणं चालू आहेत. ऑगस्टमधला तानाबाता सण करायचा की नाही. अर्धे म्हणतात लाज वाटत नाही का. अर्धे म्हणतात, मग आता कधीच करायचा नाही का?"

आमच्याही गावात हेच झालं होतं. त्या भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. आम्ही आधी पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो, मग नव्या गावात, सरळ रुंद रस्ते आणि नंबराची घरं. लेझमी कुलूपबंद. पुढल्या गणपतीला ढोल वाजवायचा की नाही यावरून सख्खे भाऊ बोलेनासे झाले.

गोम गोल्डन गेट पार्कमध्ये शिरली. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपात आणि नंतरच्या आगीत हे शहर बेचिराख झालं, निम्म्याहून जास्त लोक बेघर झाले. याच बागेत त्यांचे तंबू होते. नंतर शहरातल्या मैदानांवर साडेपाच हजारांवर लाकडी खोल्या उभ्या राहिल्या, हिरव्या रंगाच्या, भाडं महिना दोन डॉलर. म्हणजे आमच्या शेडच की! आणि १ जानेवारी १९१२ ला, शहर अजून उभं राहत असताना, लोकांना जरा हुरूप यावा म्हणून ही शर्यत पहिल्यांदा पळवली गेली. तेव्हाही कोणीतरी नाक मुरडलं असेलच की.

सोंगं नंतर आली. बायकांना अधिकृतपणे पळू द्यायला १९७१ उजाडलं. शहाणपण यायला वेळ लागतोच.

समुद्रावर पोचलो. आमचा नंबर विचारू नका, उलटे पळणारे मासे आमच्या आधी पोचले असतील :-). वाळूत सगळे आडवे झाले. मी ती डबी मागून घेतली आणि बोटाने नाकाच्या शेंड्यावर एक ठिपका लावला. फक्त एक. सेंदाईवाल्याने बघितलं आणि बुटातली वाळू झटकत बसला.

(तानाबाता त्या ऑगस्टमध्ये झाला. त्याने फोटो पाठवले.)

रात्री घरी फोन केला, तिकडे सोमवारची सकाळ. आजीला म्हटलं, "आज्जी, आज गोमीचं सोंग घेतलं होतं. तोंडाला रंग लावला." ती गप्प. आयएसडीची मिनिटं चालू. मला वाटलं, उगाच सांगितलं.

मग म्हणाली, "मग धुतलंस का न्हाई तोंड? का मी येऊ तितं पुसायला?"