मंगरूळपीरच्या ओट्यावर जपानी सुरी

अकोल्याहून बार्शीटाकळी, महान, शेलूबाजार असे करीत एसटी मंगरूळपीरला येते. रेल्वे इथे नाही. 1998 साली वाशीम जिल्हा वेगळा निघाला, तोवर हे गाव अकोला जिल्ह्यातच होते आणि जुनी माणसे अजूनही अकोल्याला जाताना ‘जिल्ह्याला जाऊन येतो’ म्हणतात. नावातला ‘पीर’ हजरत दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे आला. आम्हा दोघांसाठी मात्र मंगरूळपीर म्हणजे बडी अम्मींचे घर, आणि बडी अम्मींचे घर म्हणजे त्यांचा बावर्चीखाना.

दीड वर्षापूर्वी त्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केली. म्हणजे नमाज खुर्चीवर आली, आणि पावशीही सुटली. पावशी म्हणजे आपली विळी. पन्नास वर्षे त्या पावशीवर कांदा, वांगी, अंबाडी, सांबार चिरत आल्या. (पुण्याच्या वाचकांसाठी सांगतो, वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर.) ओट्याशी उभे राहून बाजारातल्या पातळ, प्लास्टिक मुठीच्या सुरीने चिरायचे त्यांना जमेना. सुरी कांद्यावरून घसरायची. दोनदा बोट कापले. तेव्हा त्या सुनेला म्हणाल्या, “आता तूच बघ सगळं.” फोनवर हे ऐकून आम्ही दोघे गप्प झालो. बडी अम्मी बावर्चीखाना सोडतील, हे आमच्या कल्पनेतही नव्हते.

म्हणून चांगल्या सुरीचा शोध सुरू झाला आणि आम्ही जपानपर्यंत पोहोचलो. ओसाकाजवळचे साकाई आणि गिफू प्रांतातले सेकी ही तिकडची सुऱ्यांची गावे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर जपानात तंबाखू आली आणि ती बारीक कापणाऱ्या सुऱ्यांनी साकाईचे नाव झाले. तिथे एक सुरी एकाच हातून तयार होत नाही. ठोकणारा एक, धार काढणारा दुसरा, मूठ बसवणारा तिसरा. पाते बहुतेक वेळा थरांचे असते: मधे कडक पोलाद, दोन्ही बाजूंनी मऊ लोखंड. कडक पोलादामुळे धार अतिशय बारीक काढता येते आणि पुष्कळ दिवस टिकते. पण जे कडक ते ठिसूळही असते, ही गोष्ट आम्ही वाचली आणि सोडून दिली.

निवडताना मुख्य अडचण होती हाताची. बडी अम्मी जेवतात उजव्या हाताने, चिरतात डाव्या. जपानच्या पारंपरिक सुऱ्यांपैकी बऱ्याच एकाच बाजूने घासलेल्या असतात आणि त्या उजव्या हाताच्या माणसासाठी असतात. डावखुऱ्याने वापरल्या तर काप तिरका जातो. मुठीचेही तसेच. एका बाजूला उंचवटा असलेली मूठ उजव्या मुठीत बसते. आठ कडांची मूठ कोणत्याही हातात चालते. तेव्हा दोन्ही बाजूंनी धार आणि आठ कोनी मूठ, एवढे पक्के झाले. मग आकार. नाकिरी फक्त भाजीची. ग्युतो लांब, बहुधा आठ इंचांच्या पुढे, आणि आमच्या ओट्यावर तेवढी जागा नाही. राहिली सांतोकू, साडेसहा-सात इंचांची. या नावात ‘तीन गुण’ असा अर्थ आहे: भाजी, मासे, मांस. साधे कार्बन पोलाद ओले राहिले की गंजते, लिंबू-टमाट्याने काळे पडते. म्हणून न गंजणाऱ्या पोलादाची घेतली. किंमत इथे सांगत नाही. बडी अम्मींनाही सांगितली नव्हती.

रमजान ईदला सुरी मंगरूळपीरला आली. त्यांनी ती हातात तोलून पाहिली, “हलकी आहे” म्हणाल्या आणि कांदा घेतला. कांदा चिरला गेला, पण आवाजच आला नाही. सांबार काळे न पडता बारीक झाले. त्या दिवशी दहा माणसांच्या शीरखुर्म्याचा मेवा त्यांनी उभ्यानेच कापला आणि कुणालाही ओट्याजवळ येऊ दिले नाही.

मग बकरी ईद आली. गोश्ताचे हिस्से त्या स्वतः करतात. खाटकाने मोठे तुकडे करून दिले होते. दालच्यासाठी नळी थोडी लहान हवी म्हणून त्यांनी तीच सुरी हाडावर मारली. धारेचा ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढा टवका उडाला. बडी अम्मी सुरीकडे बघत राहिल्या. चूक त्यांची नव्हती. हाडावर, गोठलेल्या गोश्तावर, लाल भोपळ्याच्या सालीवर ही सुरी मारायची नाही, हे सांगायचे काम आमचे होते.

त्यानंतर आम्ही गावाबाहेर सडकेच्या कडेला उतरलेल्या लोहारांकडे गेलो. भाता, ऐरण, आणि घण मारणारी बाई. या लोकांत जड घण बहुधा बाईच मारते, पुरुष तापलेले लोखंड सांडशीत धरून फिरवतो. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा तापवून त्यांनी आमच्यासमोर सुरा ठोकला. कमानीचे पोलाद धक्के सोसण्यासाठीच बनवलेले असते, म्हणून हाडाला त्याची भीती नाही. पाणी देऊन झाल्यावर लोहाराने बाभळीची मूठ बसवली. “भाऊ, ह्याले धार कमी ठेवली. हाडाले जाडच पायजे,” बाई म्हणाली. जपानी सुरीबद्दल वाचलेल्या सगळ्या मजकुरात एवढे सोपे वाक्य आम्हाला सापडले नव्हते.

टवका गेलेली सुरी गल्लीत सायकल घेऊन येणाऱ्या धारवाल्याला द्यायला शेजारी सांगत होते. आम्ही दिली नाही. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा पातळ धार तापते आणि तिचे पाणी उतरते. यात कुणाचा अपमान नाही. आपल्या शिकलगार बिरादरीचे नावच अरबी ‘सैकल’ म्हणजे चकाकी देणे यावरून आले आहे, आणि तलवारी त्यांच्याच हातून उजळत. पण या पात्याला पाण्याचा दगडच हवा. आधी खरखरीत, मग हजार नंबरचा. बडी अम्मींच्या नातवाने दोन संध्याकाळी दगडावर घासून टवका काढला. पाते थोडे अरुंद झाले आहे.

घासता घासता त्याने विचारले, कुर्बानीच्या सुरीलाही इतकी धार लागते का? बडी अम्मींनी त्याला हजरत शद्दाद बिन औस (र.) यांच्याकडून आलेली, सहीह मुस्लिममधली हदीस सांगितली. प्रत्येक काम नीट करायचे, आणि जबह करणाऱ्याने आपली सुरी तेज ठेवून जनावराला आराम द्यायचा. “आणि त्याच्या समोर घासायची नाही,” असेही त्यांनी सांगितले.

आता ओट्यावर दोन सुऱ्या आहेत. जपानी सुरी खाली काचेचा नव्हे, आंब्याचा पाट घेऊन चालते. काम झाले की धुऊन, पुसून कापडात गुंडाळून वरच्या फळीवर जाते, आणि तिला फक्त बडी अम्मी हात लावतात. लोहाराचा सुरा खिळ्याला टांगलेला असतो, तो कुणीही घ्यावा. पावशी अजून कोपऱ्यात आहे. परवा आम्ही ती माळ्यावर ठेवू का म्हणून विचारले. “राहू द्या,” त्या म्हणाल्या, “नारळ कशाने खवायचा?”