खाल्लेला मार जातो कुठे?

मराठी माणूस काय काय खातो, याची एकदा यादी करून पाहावी. तो भाव खातो, पैसे खातो, कच खातो, दुसऱ्याचे डोके खातो, संध्याकाळी टेकडीवर जाऊन हवा खातो. आणि लहान असला तर बोलणी खातो, मार खातो. वाक्प्रचार शिकवताना ही यादी मी फळ्यावर लिहिते तेव्हा वर्गात हशा पिकतो. शेवटी मी लिहिते 'हाय खाणे'. तिथे मुले गप्प होतात, कारण हा प्रयोग पुष्कळांनी ऐकलेलाच नसतो. माझ्या आजीच्या तोंडी तो नेहमी असे. 'पोरीने हाय खाल्ली' एवढे म्हटले की ऐकणाऱ्या बायका माना हलवीत, आणि पुढचे कुणी विचारीत नसे.

खाल्लेले पैसे कुठे जातात हे शोधायला सरकारने एक खाते उघडले आहे. खाल्लेला मार कुठे जातो, हा प्रश्न मला पडला तो माझ्या एका मामेबहिणीमुळे. आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो.

ताई आमच्या घरी आली १९८३ साली. ती नऊ वर्षांची, मी पाच वर्षांची. मामी वारली होती, मामांची नोकरी फिरतीची, म्हणून त्याआधी दोन वर्षे तिला एका दूरच्या नातलगांकडे ठेवले होते. तिथे कसे होते, हे तिला कुणी विचारले नाही. विचारण्यासारखे काही दिसतही नव्हते. मुलगी धडधाकट, तीसापर्यंत पाढे तोंडपाठ. फक्त जेवायला बसली की ती अशा काही घाईने जेवे, की माझे वडील तिच्या ताटाकडे बघायचे टाळीत. चार घासांत पोळी नाहीशी होई. एकदा उशीचा अभ्रा धुवायला काढताना आईला आत पोळ्यांची सुरळी सापडली. वाळून कडक झालेली, मुंग्या लागलेली. त्या दिवसापासून घरात तिचे नाव 'खादाड' पडले. तसे ते प्रेमानेच पडले होते. आमच्या घरात दुष्ट कुणी नव्हते.

कॉलेजात गेल्यावर चक्र उलटे फिरले. आधी ती गुरुवार धरू लागली, मग सोमवार, मग संकष्टी, मग दोन्ही एकादश्या. आपल्याकडे 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणतात; पण ताईची खिचडी चमच्याने इकडची तिकडे होई आणि तशीच परत जाई. आळीतल्या बायका आपापल्या मुलींना तिचे उदाहरण देत. एखाद्या मुलीला उपाशी राहायचे असेल, तर तिला आपल्याइतका सोयीचा समाज दुसरा मिळायचा नाही. वजन चौतीस किलोंवर आले आणि पाळी थांबली, तेव्हा कुठे हॉस्पिटल आठवले. हे १९९३ साल. रक्त झाले, थुंकी झाली, छातीचा फोटो झाला. मोठ्या डॉक्टरांनी कागद चाळले आणि म्हणाले, "काही झालेले नाही. लग्न करून टाका."

लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरांनी या आजाराला 'अनोरेक्झिया नर्व्होसा' हे नाव दिले ते १८७३ साली. एकशेवीस वर्षांत ते नाव आमच्या गावापर्यंत पोचले नव्हते. पोचले असते तरी ताई त्यात बसली नसती, असे मला वाटते. पुस्तकातली रोगी मुलगी जाड होण्याला भिते. आपल्याकडच्या आणि एकूणच आशियातल्या कितीतरी मुलींत ही भीती सापडत नाही, असे डॉक्टरांनी पुढे नोंदवले आहे. त्या म्हणतात, पोट भरल्यासारखे वाटते, घास वर येतो. ताईचे म्हणणे एवढेच असे : "उतरत नाही गं."

ती लग्न न करता बँकेत लागली आणि तशीच, कधी उपाशी, कधी रात्री डबे रिकामे करून ओकत, पस्तिशीला आली. २००९ मध्ये तिच्या एका मैत्रिणीने तिला पुण्यात एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे नेले. बाईंनी वजन विचारले नाही. त्यांनी विचारले, "लहानपणी घरी जेवणे कशी व्हायची?"

मग ते बाहेर आले. त्या नातलगांच्या घरी जेवणाच्या वेळी पाढे म्हणायचे असत. चुकले की ताट उचलले जाई, आणि वर मार बसे. सतराच्या पाढ्यात ती नेहमी अडखळे.

बाईंनी विचारला तो प्रश्न वैद्यकाला सुचला कसा, याची एक हकिकत आहे. अमेरिकेत सॅन डिएगो शहरी व्हिन्सेंट फेलिटी नावाचे डॉक्टर १९८०-९० च्या दशकात लठ्ठपणावर उपचार करीत. त्यांना एक कोडे पडले होते. ज्यांचे वजन भराभर उतरत होते, तेच रोगी उपचार सोडून पळत होते. एका बाईची माहिती घेताना, पहिल्या शरीरसंबंधाच्या वेळी वय किती होते, असे विचारायचे ते डॉक्टरांनी चुकून 'वजन किती होते' असे विचारले. उत्तर आले, चाळीस पौंड. म्हणजे अठरा किलो. आणि ती बाई रडू लागली. तो माणूस तिचा बाप होता. फेलिटींनी मग इतरांना विचारायला सुरुवात केली, आणि तीच कथा पुन्हा पुन्हा निघू लागली. या बायकांना लठ्ठपणा हा रोग वाटतच नव्हता. जाड बाईकडे कुणी बघत नाही, म्हणून तो त्यांचा आडोसा होता. डॉक्टर जे काढून घ्यायला निघाले होते, ते त्यांचे चिलखत होते.

पुढे फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी सतरा हजारांहून अधिक माणसांना बालपणाविषयी विचारले. त्यावरचा पहिला निबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला. ही माणसे झोपडपट्टीतली नव्हती. बहुतेक शिकलेली, नोकरदार, आरोग्यविमा असलेली, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी. बालपणी जितक्या प्रकारचा जाच झालेला, तितकी पुढे उदासी, व्यसने, हृदयविकारसुद्धा अधिक, असे त्यांना आढळले.

आता मेंदूकडे येते. मी मराठीची प्राध्यापिका. पण ताईसाठी वाचत गेले, ते थोडक्यात सांगते. धोका दिसला की शरीर कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य सोडते. पळण्या-झगडण्यापुरते ते उपकारक असते. पण ज्या मुलाला रोज दोन्ही वेळा ताटापाशीच धोका असतो, त्याच्या मेंदूत ही घंटा थांबतच नाही. भीतीची दखल घेणारा अमिग्डला हा भाग हुळहुळा होतो; आठवणी सांभाळणारा हिप्पोकॅम्पस, लहानपणी छळ झालेल्या माणसांत मोठेपणी सरासरीने लहान सापडतो. इटलीतल्या काही संशोधकांनी अनोरेक्झियाच्या रुग्ण स्त्रियांची लाळ सकाळी उठल्याबरोबर तपासली. जाग येताना सर्वांचेच कॉर्टिसॉल चढते. ज्यांचे बालपण धड गेले होते, त्या रुग्ण स्त्रियांत ते नेहमीपेक्षा जास्त चढले; ज्यांचा लहानपणी छळ झाला होता, त्यांच्यात ते नेहमीपेक्षाही कमी चढले. रोगाचे नाव एक, वजने सारखीच उतरलेली, आणि आतली यंत्रे दोन तऱ्हांची. 'काही झालेले नाही' म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या कागदांत हे यायला जागाच नव्हती.

प्रत्येक न जेवणाऱ्या मुलीला कुणी छळलेले असते असे मात्र समजू नका. या आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसले आहे. अशा घरांतल्या आईबापांवर उगाच संशय घेणे हाही एक छळच आहे. शिवाय उपासमार स्वतःच माणूस बदलते. मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४५ साली छत्तीस धट्ट्याकट्ट्या तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवले. वजन सुमारे पाव हिश्श्याने घटले. आणि ते लोक, ज्यांना आधी खाण्याचे विशेष काही नव्हते, ते पाकपुस्तके वाचू लागले, एकेक घास तासभर चघळू लागले, ताटल्या चाटू लागले. पुढे पोटभर मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक महिनोन् महिने भागेना. म्हणून बाईंनी ताईच्या मनाशी बोलण्याआधी तिला दिवसातून पाच वेळा घड्याळ लावून खायला लावले. भूक लागली की नाही, हे विचारायचे नाही. भूक-तहानेची खबर देणारा आतला पोस्टमनच इतकी वर्षे चुकीची पत्रे टाकीत होता. त्याच्यावर विसंबून चालणार नव्हते.

उपासमारीने आक्रसलेला मेंदू वजन भरून आल्यावर बराचसा पूर्ववत होतो, ही या सगळ्या वाचनातली मला सर्वांत सुखाची वाटलेली गोष्ट. ताईला दोन वर्षे लागली. मधे दोनदा ती घसरली. आता तिची पन्नाशी उलटली आहे; फोनमधला गजर अजून वाजतो, आणि तो वाजला की ती चालू बोलणे अर्धवट सोडून उठते. तिच्यासमोर कुणी दुसऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवलेले तिला अजून चालत नाही.

यंदा दिवाळीला ती चार दिवस आमच्याकडे येते आहे. फराळाची ताटे भरून पुढे ठेवायची नाहीत, डबे टेबलावर उघडे राहतील, ज्याचे त्याने घ्यावे, असे मी आईला सांगितले. आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे. तिने चकलीचा सोऱ्या पुसता पुसता सगळे ऐकून घेतले, आणि म्हणाली, "ठेवते डबे. पण अगं, मी एकदाही 'घे' म्हटलं नाही, तर तिला काय वाटेल?"