श्रीरामपूरच्या मैदानावरून कांगा लीगकडे

यंदा बुद्धपौर्णिमेला बहिणीकडे श्रीरामपूरला जाणे झाले. निमित्त जयंतीचे असले तरी काम दुसरेच होते. माझा भाचा तिथे कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकतो. उजव्या हाताने जलद गोलंदाजी करतो. मुंबईच्या एका लहान क्लबाने त्याची गोलंदाजी पाहिली आणि पावसाळ्यातल्या कांगा लीगसाठी ये म्हणून सांगितले. तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. शेवटी बहिणीचा फोन आला, "दादा, तू एकदा येऊन जा. ह्यांना वाटतं पाठवावं, मला भीती वाटते. पोराचं तर जेवणात लक्ष नाही."

आपल्या अनेक घरांत आज हा प्रश्न उभा आहे. मुलगा किंवा मुलगी खेळात चांगली निघते, पण पुढे काय करायचे हे आईवडिलांना सांगणारा कोणी नसतो. म्हणून ह्या प्रवासाची हकीकत वाचकांपुढे ठेवतो आहे.

तिकीट बेलापूरचे, गाव श्रीरामपूर

मुंबईहून मनमाडला उतरलो आणि दौंडच्या मार्गावरची गाडी धरली. श्रीरामपूरला जायचे तर तिकीट बेलापूरचे काढावे लागते, कारण स्टेशनाचे नाव बेलापूर. नवी मुंबईतही एक बेलापूर असल्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ उडतो.

पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याची दोन रूपे आहेत. दक्षिणेकडचे तालुके पावसाची वाट पाहणारे, तर उत्तरेकडे प्रवरेचे पाणी. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी हा भाग हिरवा केला. पाण्यामागून ऊस आला, उसामागून साखर कारखाने आले. कारखान्यात आणि उसाच्या फडात राबायला जी माणसे आली, त्यांत आपली माणसे पुष्कळ होती. माझ्या बहिणीचे सासरेही हरेगावच्या साखर कारखान्यात कामाला होते.

ह्या हरेगावचे नाव आपल्या चळवळीत मोठे आहे. डिसेंबर १९३९ मध्ये वतनदार महारांची परिषद तिथे भरली होती आणि अध्यक्षस्थानी खुद्द बाबासाहेब होते. वतनाच्या नावाखाली आपल्या माणसांकडून गावकी कशी राबवून घेतली जाते, हा त्या परिषदेपुढचा प्रश्न होता. त्याच हरेगावात ऑगस्ट २०२३ मध्ये शेळी आणि कबुतरे चोरल्याचा संशय घेऊन दलित मुलांना झाडाला उलटे टांगून मारहाण झाली. सगळ्या महाराष्ट्राने ती बातमी वाचली. बहिणीच्या भीतीचे मूळ मला तिथे सापडले. ती म्हणाली, "आपल्या तालुक्यात, ओळखीच्या गावात ही गत. मुंबईत तर त्याला ओळखणारं कोण आहे?"

सकाळचे मैदान

दुसऱ्या दिवशी पहाटे भाचा मला मैदानावर घेऊन गेला. उन्हाळ्याने जमीन तापून कडक झालेली, मधूनमधून खडे वर आलेले. तीन काठ्या रोवून त्याने स्टंप केले होते. चेंडू जुना, एका बाजूने शिवण उसवलेला. तो धावत आला, उडी घेऊन चेंडू टाकला आणि चेंडू टप्पा पडून सरळ काठीवर गेला. मी खेळाडू नाही, पण मुंबईत महापालिकेच्या नोकरीत असताना कित्येक रविवार आझाद मैदानावर उभा राहून सामने पाहिले आहेत. मुलाच्या हातात काही आहे, एवढे मला कळले.

मी विचारले, "बॅटिंग कधी करतोस?"

तो हसला. म्हणाला, "मामा, लहानपणी मोठ्या घरच्या पोरांत खेळायला जायचो, तेव्हा बॅट त्यांची असायची. मग बॉलिंग आपल्याकडे. दोन-दोन तास टाकायचो. त्यातूनच बॉलर झालो."

हे ऐकून मला पालवणकर बाळूंची आठवण झाली. चर्मकार समाजातला हा माणूस पुण्यात गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर कामाला होता. खेळपट्टी लोटायची, जाळी बांधायची आणि साहेबांना तासन् तास गोलंदाजी करायची. बॅट मात्र त्याच्या हाती कोणी दिली नाही. पुढे हिंदूंच्या संघाला गोऱ्यांविरुद्ध जिंकायचे होते म्हणून बाळू संघात आले, तरी चहा त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळत असे. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा ह्याच बाळूंनी ११४ बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. तरुण वयात बाबासाहेबांना बाळूंचा अभिमान होता. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या बाजूने बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले, हेही खरे. पण खेळपट्टी लोटणाऱ्या हातांनी गोऱ्यांना आणि सवर्णांना आपली दखल घ्यायला लावली, हा इतिहास त्यामुळे पुसला जात नाही.

ह्याच गावचा झहीर

श्रीरामपुरात क्रिकेटचा विषय निघाला की दुसरे नाव येते झहीर खानचे. ७ ऑक्टोबर १९७८ रोजी तो ह्याच गावात जन्मला आणि इथल्याच मराठी शाळेत शिकला. इंजिनियरिंगला जाण्याची तयारी झाली होती. तेव्हा वडीलच म्हणाले की देशात इंजिनियर पुष्कळ आहेत, तू जलद गोलंदाज हो. सतराव्या वर्षी ते त्याला मुंबईला घेऊन गेले.

पुढची गोष्ट लोक थोडक्यात सांगतात, पण आपल्या कामाची गोष्ट तिथेच आहे. मुंबईत त्याची नात्यातली एक बाई रुग्णालयात कामाला होती. तिच्या तिथल्या लहानशा खोलीत तो राहिला. क्रॉस मैदानावरच्या नॅशनल क्रिकेट क्लबात सुधीर नाईक यांनी त्याला जवळ केले. नाईक स्वतः भारताकडून कसोटी खेळलेले. त्यांनी त्याला खेळवले आणि मफतलालमध्ये नोकरीही मिळवून दिली. पुरुषोत्तम शील्डच्या अंतिम सामन्यात झहीरने शिवाजी पार्क जिमखान्याचे सात गडी बाद केले, तेव्हा मुंबईने त्याच्याकडे पाहिले. नंतर चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये तो तयार झाला. मुंबईच्या रणजी संघात तेव्हा जागा नव्हती, म्हणून बडोद्याकडून खेळला. २००० साली कसोटी संघात आला आणि ९२ कसोटींत ३११ बळी घेऊन थांबला. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने पहिली तीन षटके निर्धाव टाकली. त्या मैदानाची खेळपट्टी तयार करणारे होते तेच सुधीर नाईक.

आता हिशेब करून पाहा. वडिलांचा होकार, डोके टेकायला खोली, मैदानावर हात धरणारा माणूस आणि पोटापुरती नोकरी. ह्या चार गोष्टी नसत्या तर त्या मुलाचा डावा हात श्रीरामपुरातच राहिला असता. हुशारी खेड्यापाड्यांत कमी नाही, ह्या चार गोष्टी कमी पडतात. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला जन्मलेला अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला, म्हणून मुंबईची मैदाने त्याच्या आवाक्यात आली. आमच्या भाच्याला ती वाट स्वतः चालून जायची आहे.

कांगा लीग म्हणजे काय?

रात्री बहिणीने हाच प्रश्न विचारला. तिला सांगितले तेच इथे सांगतो.

क्रिकेट हा कोरड्या दिवसांचा खेळ. पण मुंबईत भर पावसाळ्यात रविवारी एक स्पर्धा चालते. पारशी खेळाडू डॉक्टर होरमसजी कांगा यांच्या नावाने ती १९४८ साली सुरू झाली. क्लबांच्या श्रेणी असतात. सगळ्यात वर 'अ' श्रेणी, मग उतरत्या पायऱ्या. वरच्या श्रेणीत कसोटी खेळाडूही उतरतात. सुनील गावसकर मोठे नाव झाल्यावरही कांगा लीगचा सामना टाळत नसत.

खेळपट्टी ओली असते. चेंडू कधी उसळतो, कधी घोट्याखाली राहतो. मैदानात गवत इतके वाढलेले की जोराने मारलेला फटका वाटेतच अडकतो. शंभर धावा झाल्या तरी पुष्कळ. फलंदाजाची खरी परीक्षा होते आणि गोलंदाजाला बळी मिळतात. म्हणून नव्या गोलंदाजाने नजरेत भरावे अशी ही जागा. पण गोलंदाजाचे हालही तितकेच. पाय घसरतो, चेंडू साबणासारखा निसटतो. लाकडाचा भुसा टाकून पाय ठेवायची जागा कोरडी करायची, फडक्याने चेंडू पुसायचा आणि पुन्हा धावत यायचे. आझाद मैदानावर एकमेकांना लागून इतक्या खेळपट्ट्या आहेत की एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाजवळ उभा असतो. कित्येक रविवार पाऊसच सामना खेळू देत नाही. अशा वेळी नवा मुलगा दिवसभर तंबूत बसून संध्याकाळी तसाच घरी येतो.

हे ऐकून बहीण म्हणाली, "म्हणजे जायचं, भिजायचं आणि खेळायला मिळेलच असं नाही?"

मी म्हणालो, "नाही. मिळेलच असं नाही."

खोटा धीर देण्यात अर्थ नव्हता. भाच्याचा क्लब अगदी खालच्या श्रेणीतला आहे. एका मोसमात कोणी झहीर होत नाही. पण ह्या मोसमात न जाणाऱ्याला, आपण कुठे उभे आहोत हे कधी कळत नाही.

विहारातून घरी

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहारात वंदना झाली, खीरदान झाले. वस्तीतल्या लोकांना मुलाची बातमी होतीच. खेळाच्या बुटांचा विषय निघाला. मुलाकडे होते ते बूट तळाला फाटलेले, आणि ओल्या मैदानावर खिळ्यांचे बूट नसले तर पाय मोडायचा. मंडळाच्या पोरांनी तिथल्या तिथे वर्गणी काढली. एका आजीने पदराची गाठ सोडून पन्नास रुपये काढले आणि म्हणाली, "माझ्या नातवाला कोणी दिले नव्हते. ह्याला द्या."

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही बसलो आणि चार गोष्टी ठरवल्या. मुलगा माझ्या परळच्या खोलीत राहील. खोली दहा बाय बाराची आहे, पण माणसे दोनच आहेत. कॉलेजचे नाव काढायचे नाही, परीक्षेचा फॉर्म वेळेवर भरायचा, पुस्तके बरोबर आणायची, आणि सामना नसेल त्या दिवशी अभ्यास. मोसम संपला की श्रीरामपूरला परत यायचे आणि काय साधले याचा विचार घरच्यांसमोर करायचा. आणि तिथे कोणी जातीवरून बोलला, तर ते मनात कुढत न ठेवता मला सांगायचे. ह्या शेवटच्या गोष्टीचा आग्रह बहिणीनेच धरला.

मेव्हणे इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "माझ्या बापाने कारखान्यात भोंग्यावर जन्म काढला. मी हमाली केली. हा निदान स्वतःच्या आवडीचं काही करून बघेल."

माता-भगिनींनो आणि बांधवांनो, शिक्षण सोडून खेळामागे धावा, असे मी म्हणत नाही. बाबासाहेबांनी दिलेला शिक्षणाचा मंत्र पहिला. पण शिकणाऱ्या मुलाच्या अंगात खेळ असेल, तर भीतीपोटी त्याचे पाय घरात बांधू नका. शहरात ज्यांची खोली आहे त्यांनी एका मुलाला मोसमापुरती जागा द्यावी. मंडळांनी जयंतीच्या वर्गणीतून एक जोडी बूट, एक चेंडू घ्यावा. आणि वस्तीजवळचे मैदान कोणी गिळत असेल, तर ते वाचवण्यासाठी एकत्र यावे.

परत निघालो तेव्हा भाचा स्टेशनावर पोचवायला आला. गाडी हलल्यावर म्हणाला, "मामा, पाऊस कधी लागतो मुंबईत?"

"जूनच्या दुसऱ्या आठवड्यात," मी म्हणालो.

"मग मी पहिल्या आठवड्यातच येतो."