केसपेपरावरची ओळ

२०११ च्या फेब्रुवारीत रात्रीच्या लाइटीवर गव्हाला पाणी देताना अण्णा बांधावरच कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा बसली. जीपमध्ये घालून शहरातल्या दवाखान्यात नेलं. तिथं एका तरुण डॉक्टरनं केसपेपर भरता भरता विचारलं, "यांना बीपी कधीपासून?" अण्णांना बोलता येत नव्हतं. मी घाबरून तोंडाला येईल ते बोललो, "असंल सात-आठ वर्षांपासून." खरं तर अण्णांचं बीपी कुणी कधी मोजलंच नव्हतं. डोकं दुखलं की दुकानातली गोळी खायची आन् कामाला लागायचं, एवढंच घरात ठाऊक.

अकरा दिवसांचं बिल झालं ७८ हजार. दोन वर्षांपूर्वी गावातल्या एजंटाकडून घेतलेली एक लाखाची पॉलिसी होती, त्यामुळं आम्ही निर्धास्त. पण कंपनीचा कागद आला : जुना आजार लपवला, सबब दावा नामंजूर. दवाखाना म्हणाला, पैसे भरा नि पेशंट न्या. बिलासाठी माणूस अडवून ठेवता येत नाही, हे आम्हाला कुठलं माहीत? दुभती म्हैस विकली, आईच्या पाटल्या सोनाराकडं गहाण पडल्या, तेव्हा अण्णा घरी आले.

वाचा परतल्यावर त्यांचं एकच, "मी कवा काय लपवलं रं?" पैशापरीस त्यांना तो शब्द लागला होता. आणि ती ओळ माझी होती, हे सांगायला माझी जीभ रेटत नव्हती.

तालुक्याच्या एका वकिलांनी वाट दाखवली. १९८६ च्या कायद्याखाली जिल्ह्याच्या ग्राहक मंचात जायचं. दोन वर्षांच्या आत तक्रार, एक लाखापर्यंतच्या दाव्याला १०० रुपये फी, आणि वकील दिलाच पाहिजे असंही नाही. मग तारखा सुरू झाल्या. पहाटेची एस.टी., डब्यात भाकरी, अन् बऱ्याचदा नुसतीच पुढची तारीख. कंपनीकडं पुरावा एकच, केसपेपरावरची ती ओळ. आमच्याकडं पॉलिसीचा फॉर्म : सगळा इंग्रजीत, एजंटाच्या अक्षरात, खाली अण्णांची मराठी सही.

शेवटी मी प्रतिज्ञापत्र केलं, की ती माहिती मी अंदाजानं दिली. द्यायच्या आधी अण्णांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ आढ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "घाबरला असशील लेकरा."

२०१४ मध्ये निकाल लागला. पूर्वीच्या उपचाराचा एकही कागद कंपनीला दाखवता आला नाही. बिलाची रक्कम ९ टक्के व्याजानं मिळाली. पाटल्या सुटल्या, म्हैस गेली ती गेलीच. आजार लपवल्याचं सिद्ध होत नाही, एवढा भाग अण्णांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि निकालाचा कागद सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवून दिला.

आता गावात कुणी पॉलिसी काढली की फॉर्म घेऊन माझ्याकडं येतो. मी ओळ न् ओळ मराठीत सांगतो. आणि एक जास्तीचं सांगतो : दवाखान्यात विचारलेलं माहीत नसेल, तर सरळ 'माहीत नाही' म्हणावं.