देवघरातला पिवळा बल्ब

औरंगपुऱ्यातल्या त्या वाड्यात मला बोलावलं होतं बल्ब बदलायला. घरभर एलईडी लागले होते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या देवघरात तेवढा 60 वॉटचा जुना पिवळा बल्ब राहिला होता आणि नेमका तोच कमी-जास्त व्हायचा. मुलाचं म्हणणं, तोही काढून टाका. आजी म्हणाल्या, "मिक्सर लावला की हा मंदावतो बघा. म्हणून चटणी मी दुपारीच वाटून ठेवते. दिवेलागणीला देवापुढं अंधारलेलं बरं नाही वाटत."

कधीपासून, असं विचारलं. मागं स्वयंपाकघर नव्यानं बांधलं तेव्हापासून, म्हणाल्या. अर्धं काम त्या उत्तरानंच झालं.

लाईट फडफडते म्हटल्यावर मी आधी विचारतो, शेजारी पण होते का? आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. जायकवाडीचं पाणी ज्या दिवशी गल्लीत येतं त्या दिवशी घरोघर मोटारी एकदम सुरू होतात आणि सगळ्या गल्लीचं व्होल्टेज बसतं. तिथं घरातल्या वायरिंगला बोल लावण्यात अर्थ नसतो. काही दिवे मंद आणि काही एकाएकी लख्ख झाले, तर मात्र आधी मेन स्विच बंद करायचा. थ्री-फेज लाईनचा न्यूट्रल तुटला की 230 व्होल्टवर चालणाऱ्या वस्तूंवर पार 400 च्या जवळ दाब येऊ शकतो. टीव्ही, फ्रीज पाहता पाहता जळतात. ते काम वीज कंपनीला कळवायचं, मीटरच्या सीलपलीकडं हात घालायचा नाही.

इथं शेजारी सगळं ठीक होतं. म्हणजे दुखणं घरातलं.

शहागंजातल्या ज्या उस्तादांच्या हाताखाली मी शिकलो, ते खिशातल्या टेस्टरवर कधी विसंबले नाहीत. टेस्टरच्या निऑनला नाममात्र करंट लागतो. जोड सडलेला असला तरी तो पेटतो. उस्तादांच्या पिशवीत होल्डरला दोन वायरी लावलेला 100 वॉटचा बल्ब असे. लाईनवर भार टाका, मग ती खरं सांगते, हे त्यांनी मला तोंडी कमी आणि कामातून जास्त शिकवलं.

मी मीटरजवळ मोजलं, 228 व्होल्ट. स्वयंपाकघराच्या बोर्डावर, सगळं बंद असताना, तेवढंच. मग आजींची 1000 वॉटची इस्त्री लावली. मीटरजवळ 228 कायम, मागच्या बोर्डावर 208. मधले 20 व्होल्ट वाटेत कुठंतरी सांडत होते. इस्त्री त्या वेळी साधारण 4 अँपिअर ओढत होती, म्हणजे जवळपास 80 वॉटची उष्णता भिंतीत कुठंतरी एका जागी साठत होती. आणि फ्यूज काही उडणार नव्हता. फ्यूज उडतो जास्त करंटनं, सैल जोड तर करंट उलट कमी करतो. डोक्यावर माळवद, सागवानी तुळया, भिंतीला लाकडी पट्ट्या. हे आठवून माझ्या पोटात गोळा आला.

मीटरच्या न्यूट्रलपासून एक लांब वायर मागं ओढली आणि तिथल्या न्यूट्रलशी ताडून पाहिलं. सगळे 20 व्होल्ट तिथंच निघाले. फेज चांगला होता.

दाराच्या चौकटीवर लाकडाची जुनी डबी होती. मेन बंद करून ती उघडली. आत जुन्या तांब्याच्या वायरला नव्या बांधकामाची ॲल्युमिनियमची वायर नुसती पिळून जोडलेली होती. वर काळी टेप. टेप बोटात कुरकुरून तुटली. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी, डबीचा तळ कोळशासारखा. या धातूवर हवेनं ऑक्साइडचा थर चढतो, त्यातून वीज नीट जात नाही. तांब्याशी त्याचं जमतही नाही. तापतो, फुगतो, निवतो, आणि दर वेळी पीळ थोडा सैल होतो.

नवी टेप गुंडाळून मी निघू शकलो असतो. मन झालं नाही. मीटर बोर्डापासून स्वयंपाकघरापर्यंत 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची नवी लाईन ओढली. दीड दिवस गेला.

पिवळा बल्ब काढायचं मात्र मी मुलाला नको म्हणालो. व्होल्टेज 10 टक्के घटलं की अशा बल्बचा उजेड जवळजवळ 30 टक्के घटतो. एलईडीच्या आतलं सर्किट ती घट झाकून टाकतं. त्याच लाईनवर, त्याच भिंतीवर स्वयंपाकघराचा एलईडी इतकी वर्षं स्थिर जळत होता. घरात दुखणं आहे हे एकट्या देवघरानं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी काम संपलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. आजींनी निरांजन लावलं, शेंगदाणे आणि लसूण भांड्यात घातला आणि मिक्सरच्या बटणावर हात ठेवून माझ्याकडं पाहिलं.

"लावू?"

"लावा आजी."

मिक्सर घरघरला. चटणी बारीक होऊन गेली तरी त्यांनी बटण सोडलं नाही. त्या बल्बकडं बघत उभ्या होत्या.