फोटोत आजी हवीच

आमचे चिरंजीव लंडनला असतात. ‘आई, नाताळच्या कार्डावर छापायला सगळ्यांचा फोटो पाठव,’ असं त्यानं कळवलं आणि जुन्नरच्या आमच्या घरात धांदल उडाली. ह्यांना पाठीमागे शिवनेरी हवा. मंचरहून आलेल्या लेकीला लेण्याद्रीच्या पायऱ्या. (शालू नेसून चढायचं कुणी?)

सासूबाई मात्र म्हणाल्या, ‘शुभेच्छांच्या कार्डावर माझं काय काम?’ मामंजी गेल्यापासून त्या फोटोत येतच नाहीत. मीही इतकी वर्षं ते चालवून घेतलं, याची लाज वाटली.

मी त्यांना सांगितलं, १८४३ साली लंडनला विक्रीसाठी पहिलं नाताळ कार्ड छापलं, त्यावरही टेबलाभोवती आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे होते. त्यांच्या हातांतले मद्याचे पेले तेवढे मी गाळले!

सासूबाई नुसत्या हसल्या. मग सहल रद्द. त्या पडवीत शेंगा फोडत होत्या, तिथंच आम्ही सूप मधे घेऊन बसलो. पडवीत ऊन डोळ्यांवर येत नाही, आणि हाताला काम असलं की माणसं अवघडत नाहीत. शेजारच्या मुलानं मोबाइलवर फोटो काढला.

शिवनेरीचा जेमतेम एक कडा आलाय, म्हणून ह्यांची कुरकुर चालूच आहे. सासूबाई मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन विचारत होत्या, ‘पदर नीट आलाय ना गं?’